पिशवीचं चित्र

हॅलो? …हॅलो, कोण? …एक मिनिट हं… मावशी, खिडकीतून हात आत घालू नका, नंबरानंच देते. काय पुटपुटलात? ‘हिला नुसते फोनच सुचतात’? ऐकू येतं मला, कान शाबूत आहेत अजून. सकाळपासनं हा पहिला फोन आहे माझा… हां, बोला. कोण बोलतंय?

…कोण?

…अगबाई, कडूबाभाऊ! …हो हो, मीच. आवडाच बोलतेय. नंबर तुमच्या सखूनं दिला होय? बरं केलं पोरीनं. …नाही हो, कामात कसली. आहे की मी दवाखान्यातच, औषधाच्या खिडकीवर. तुम्ही बोला. कुठं आहात? …आडूळच्या शिवारात. मेंढरं कुणाच्या रानात बसवलीत? …बरं. आवाज लई तुटतोय तुमचा. जरा टेकाडावर चढा की.

…हां. आता येतोय.

…सारजावहिनी? …हो, जाऊन आले ना. सकाळी खिडकी उघडायच्या आधी वरच्या वॉर्डात गेले होते. …झोपल्या होत्या. म्हणून मग उठवलं नाही. …ताप आहे अजून. …तोंडाचं तसंच आहे. ओठापासनं घशापर्यंत फोड आहेत. सखू चमच्यानं पाणी घालते, तेही अर्धं बाहेर येतं म्हणाली.

…कडूबाभाऊ, मी डॉक्टर नाही, मी कसं सांगू? …उताऱ्याची इंजेक्शनं चालू आहेत. दर सहा तासाला. …त्या गोळीचा उतारा असतो, तो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार कमी झाल्यात, त्या वाढल्या का ते उद्याच्या रिपोर्टात कळेल. दोन दिवस जपायचे आहेत, असं डॉक्टर म्हणाले. …नाही, ‘वाचेल’ असंही नाही म्हणाले. ‘नाही’ असंही नाही. जपायचे आहेत म्हणाले.

…हो, इंजेक्शनं मीच आणली. आपल्याकडं नव्हती ना. तीन दुकानं पालथी घातली तेव्हा एका ठिकाणी मिळाली. …अहो, उपकार कसले. …नका म्हणू तसं. …कडूबाभाऊ, माझ्या गळ्याची शपथ, उपकार म्हणू नका.

…खाला, दो मिनट रुको ना. हां, शुगरवाली ही है. वो बेंच पे बैठो जरा, पाँव दुखेंगे…

हां, बोला. …काय केलं? …फोनवर झापलं? वहिनींना? कधी? …काल दुपारी. सखूनं फोन तिच्या आईच्या कानाला लावला, आणि तुम्ही… काय म्हणालात? …पुन्हा सांगा. …‘अंगठा उठवणाऱ्या बाईनं गोळ्यांच्या नादाला लागूच नाय.’ …अरे देवा. …मग त्या काय म्हणाल्या?

…काहीच नाही.

…बोलता येत नाही हो त्यांना. जीभ हलत नाही. …नुसत्या रडल्या असं सखू म्हणाली. हं.

…पण त्यांची चूक आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? …डॉक्टरांनी. …कागदावरच लिहिलंय? सखूनं वाचून दाखवलं? …‘रुग्णाने औषध चुकीच्या पद्धतीने घेतले.’ …हो. तसं लिहिलंय खरं. …हो, मी वाचलं. …मी काय म्हणणार? …नाही, म्हणजे… लिहिणाऱ्यानं समोर जे दिसलं ते लिहिलं.

…मी? मी रागवू त्यांना? …तुमचं ऐकत नाही म्हणून मी? …अहो, पण ऐका… …‘आवडानं एकदा नीट झापलं की पुन्हा चुकायची नाय.’ असं वाटतं तुम्हाला.

…नाही, आहे मी. फोन चालू आहे. जरा घोटभर पाणी पीत होते.

…गोळी कसली होती ते विचारताय? सांधेवाताची. ती पिवळी, मुगाच्या डाळीएवढी. वहिनींची बोटं वाकडी होत चालली होती ना, धार काढता येईना, म्हणून डॉक्टरांनी दिली. गोळी चांगली आहे, हजारो लोक घेतात. पण ती आठवड्यातनं एकदाच घ्यायची. सात दिवसांनी एकदा. त्याच्या वर गेलं की मग ती आतनं सगळं सोलून काढते. तोंड, आतडं, रक्त… सगळं.

…हो. म्हणूनच तर आम्ही बसतो इथं. नुसत्या गोळ्या मोजून द्यायला कोण लागतं? डॉक्टर लिहितात, ते बरोबर आहे का ते आम्ही बघायचं. मग घेणाऱ्याला समजलं का तेही बघायचं. घरी जाऊन तो माणूस ती पुडी कशी उघडणार, कधी उघडणार, तिथपर्यंत बघायचं. एवढंच काम आहे आमचं. …हो, एवढंच.

…पुडीवरचं चित्र? …सखूनं दाखवलं तुम्हाला? …हो, मीच काढते ती. वाचता येत नाही त्यांच्यासाठी. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्राची कोर. आणि आठवड्याच्या गोळीला… पिशवी. बाजाराची पिशवी. …हो. म्हणजे बाजाराच्या दिवशी घ्यायची. खेड्यातल्या बाईला वार सांगितला तर इकडचा तिकडं होतो, पण बाजाराचा दिवस चुकत नाही. असं मला वाटलं. सहा वर्षं झाली, हे चालू केलं त्याला. …चांगलं आहे म्हणता? सगळे तसंच म्हणतात. पुण्याहून पाहुणे आले होते, त्यांनी पुड्यांचे फोटो काढले. मला कागद दिला, सहीशिक्क्याचा. ट्रस्टच्या तात्यासाहेबांनी काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावला. माझ्या डोक्यावरच आहे बघा आत्ता.

…नाही, वर नाही बघत मी. मान अवघडलीय.

…तेच विचारायचं होतं मला. वहिनींनी नेमकी कधी कधी घेतली? …पाचोडच्या बाजाराला. …आडूळच्या. …विहामांडव्याच्याही. …म्हणजे आठवड्यात तीन. …नाही नाही, बरोबर आहे तुमचं. तुम्ही मेंढरांमागं, आज ह्या शिवारात, उद्या त्या. जवळ ज्या गावचा बाजार, त्या गावात वहिनी मीठपीठ आणायला जाणार. तुम्हाला बाजार एक थोडाच असतो.

…काय म्हणालात?

…आणायचं काही नसलं तरी जायच्या?

…गुडघे सुजलेले असताना? …काळीपिवळी नाही मिळाली तर चालत? …तुम्ही म्हणायचात, ‘पीठ हाय की घरात, बस गप,’ तर त्या म्हणायच्या… काय म्हणायच्या? …‘आवडानं सांगितलंय, बाजाराला गोळी चुकवायची नाय.’ …मग बाजारात जाऊन, तिथल्या हापशावर पाणी घेऊन…

…काही नाही. ऐकतेय.

…रडत नाही हो. खिडकीत धूळ येते छावणीच्या रस्त्याची. सर्दीच असते मला.

…ऐका, कडूबाभाऊ. मी सांगते ते ऐका जरा. आमच्या घरी बाजार एकच होता. पाचोडचा. बाप सकाळी गाडी जुंपायचा, आई पिशव्या झटकायची, आम्ही पोरं भेळेच्या पुडीची वाट बघत बसायचो. बाजार म्हणजे आठवड्यातनं एकदा येणारा सण, असंच डोक्यात बसलं माझ्या. तेच मी पुडीवर काढलं. दुसऱ्याचा बाजार कसा असतो, हे काही विचारलं नाही. …नाही, पण मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? तुमचे वडील दरसाल मेंढरं आमच्याच रानात बसवायचे ना? चार रात्री बसायची, आणि पाचव्या दिवशी तुमचं बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढच्या गावाला. वहिनी नव्यानं लग्न होऊन आल्या होत्या. मला कोकरू मांडीवर घ्यायला द्यायच्या. …आठवतं ना? मलाही आठवतं. म्हणून तर म्हणते.

…अहो, तुम्ही कशाला माफी मागता?

…‘कुणाचीच चूक नाय, नशिबाचा खेळ हाय.’ …हं. …हो. …तसं म्हटलं तर तसंच म्हणायचं. तुम्ही तुमच्या जागी बरोबर, मी माझ्या जागी. डॉक्टरही. …हो. कुणाचीच नाही.

…बरं झालं, बोललात. हलकं वाटलं. मग ठेवू का? रांग पार गेटापर्यंत गेलीय. …हो, संध्याकाळी करा फोन. मी सखूला भाकरी पाठवते डब्यात, काळजी करू नका. …हो. …हो, वहिनींना सांगते तुम्ही…

…काय? …नाही, बोला. ठेवलेला नाही.

…संपल्यावर पुन्हा दिल्या, म्हणून?

…‘दवाखान्यानं पुन्हा बारा पुड्या दिल्या, तवा मी म्हटलं, बरोबरच असंल.’ …असं वाटलं तुम्हाला.

…हॅलो? …ड्रॉवर उघडत होते जरा.

…नाही, तुमचं काही चुकलं नाही. कुणालाही तसंच वाटेल. खिडकीनं दिलं म्हणजे बरोबरच असणार.

…कोण होतं खिडकीवर? …त्या दिवशी? दसऱ्याच्या आधी? …मीच असेन. …म्हणजे, मीच होते. …हो, वहिनी स्वतः आल्या होत्या. …त्यांनी सांगितलं का तसं सखूला? …काय सांगितलं अजून? बोलता येत नाही ना त्यांना? …आजारी पडायच्या आधीच सांगितलं होतं. काय? …‘मी आवडाला म्हणाले होते तोंड लई आलंय म्हणून. पण गर्दी होती, तिला ऐकू गेलं नसंल.’

…हं.

…हो. गर्दी होती. त्या दिवशी फार गर्दी होती.

…मावशी, तुमची पुडी ही घ्या. रक्तदाबाची, रोज सकाळी. सूर्य काढलाय बघा वर. …नाही, थांबा. जाऊ नका. सांगा बघू, कधी घ्यायची? …सूर्य उगवल्यावर. आणि पावसाळ्यात चार दिवस सूर्य दिसलाच नाही तर? …हसू नका हो. सांगा मला. …तरी घ्यायची. रोज. हां. जा.

…हॅलो. कडूबाभाऊ, अजून आहात ना? …फोन ठेवू नका. मला एक सांगायचंय. …नाही, नंतर नाही. आत्ताच. नंतर मला जमायचं नाही. तात्यासाहेब मला सकाळीच म्हणाले, ‘आवडाताई, नातेवाइकांशी जास्त बोलू नका, विचारल्याशिवाय काही सांगू नका, आणि ते कार्ड वर पाठवायची घाई नको.’ …वहिनींचं निळं कार्ड. औषध दिलं की त्यावर तारीख पडते. सकाळपासनं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वर वॉर्डात पाहिजे होतं ते. …कारण मी पाठवलं नाही.

…सांगते. पहिल्या बारा पुड्या मी पोळ्यानंतर दिल्या. आठवड्याला एक. म्हणजे तीन महिने पुरायला पाहिजेत. वहिनी परत आल्या चौथ्या आठवड्यात. रिकाम्या पुड्या पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या, मला दाखवायला. बारा रिकाम्या पुड्या. घड्या घालून, नीट. म्हणाल्या, एकही चुकवली नाही.

…आणि मी म्हटलं, शाबास.

…हॅलो? …ऐकू नाही आलं? कुठनं तुटलं? …टेकाडावरनं उतरू नका हो! …चौथ्या आठवड्यात! …हां! कार्डावर तारीख होती! …तारीख! …मी बघितली नाही! …मोठ्यानं? …इथं लोक आहेत, कडूबाभाऊ. खिडकीसमोर तीस-चाळीस माणसं आहेत.

…बरं. मोठ्यानं सांगते. मी तारीख बघितली नाही! तीन महिन्यांच्या गोळ्या चार आठवड्यांत संपल्या कशा, हे मी विचारलं नाही! नुसतं विचारलं असतं तरी त्या बोलल्या असत्या! नवीन बारा पुड्या मीच दिल्या! …हो! पिशव्या काढून! सुबक!

…आलं ऐकू? …आलं.

…सगळ्यांनाच आलं. खाला बेंचवरनं उठून उभ्या राहिल्यात.

…कडूबाभाऊ?

…बोला काहीतरी. शिव्या दिल्या तरी चालेल. …मेंढरं ओरडतायत तुमच्याकडं. ऐकू येतंय मला. …बोला ना हो.

…काय? …‘मला काय सांगती?’

…हो.

…हो, खरं आहे. मी तुम्हाला सांगत बसलेय, आणि वहिनी वर…

…आत्ता? …हो, आत्ताच. तुम्ही फोन चालू ठेवा. ठेवाल ना? बॅटरी आहे? …मी खिडकी लावते. …खाला, मौसी, सब लोग, दस मिनट. ऊपर जाके आती हूँ. हां, मालूम है रांग है. …सगळे बाजूला सरकले बघा. मघाची मावशीसुद्धा.

…कार्ड घेतलंय. …जिन्यात आहे. …आवाज घुमतोय का? …एक सांगू? मघाशी खोटं बोलले मी तुमच्याशी. झोपल्या नव्हत्या वहिनी. जाग्या होत्या. मी दारात उभी राहिले, त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि हात जोडले. पडल्या पडल्या. मला हात जोडले त्यांनी. मी तिथनंच परत फिरले. …हो. खिडकी उघडायला उशीर होतोय असं सखूला सांगितलं. वीस मिनिटं होती अजून.

…तिसरा मजला. थांबा, दम लागला.

…आले. तोंडाला मास्क लावते. बाहेरचं काही लागू द्यायचं नाही त्यांना. …हात धुतले. …सखू, बाळा, सरक जरा. नाही, तू इथंच थांब. जाऊ नको. तूही ऐक. …सिस्टर, हे निळं कार्ड घ्या, डॉक्टरांना दाखवा. तारखा बघायला सांगा. दोन्ही. …हो, माझीच सही आहे. तात्यासाहेबांना काय ते मी सांगते.

…वहिनी.

…वहिनी, मी आवडा. …बोलू नका, ओठ फाटतील. …हात नका जोडू. खाली घ्या हात. द्या इकडं, मी धरते. …हे फोनवर तुमचे मालक आहेत, ऐकतायत. फोन इथं उशीवर ठेवते. …कडूबाभाऊ, ऐकू येतंय ना? …हं.

…वहिनी, तुम्ही काही चुकवलं नाहीत. मी सांगितलं तसंच केलंत. पायी जाऊन केलंत. …नाही, मान हलवू नका. ऐका. तुम्ही त्या दिवशी खिडकीवर मला म्हणालात ना, तोंड लई आलंय म्हणून? आणि मी तिखट खाऊ नका म्हटलं, आणि पुढचा नंबर पुकारला?

…गर्दी नव्हती, वहिनी. तुमच्यामागं दोनच माणसं होती. मला घरी जायची घाई होती.

मी ऐकलं होतं.